जिनपुऱ्याचा नकाशा

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजून ज्योत्स्नाबाई तायडे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर चौदा महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी लाल रंगानं आकडा टाकून गेलं. सत्तेचाळीस.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा अकोल्याच्या त्यांच्या कार्यालयात शेतावर जाऊन मोजणी करणारी दुसरी बाई नव्हती. बार्शीटाकळीकडे किंवा पातूरकडे एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्या उभ्या राहिल्या की शेतकरी त्यांच्या मागं बघत, साहेब अजून यायचे असतील म्हणून. साहेब कोणी यायचे नसत. बाईच मोजणीची साखळी उलगडायला लागत. भावाभावांच्या भांडणात त्यांनी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, एकानं तर कुऱ्हाड घेऊन वाट अडवली होती. पण त्यांच्या मोजणीवर कोणी फेरमोजणी मागितली, तरी आकडा तोच निघायचा. हे त्या स्वतः कधी बोलत नसत. त्यांचे यजमान ललितराव मात्र घरी येईल त्याला चहासोबत हे ऐकवत. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गल्लीकडच्या खोलीत मिक्सर, पंखे आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं काम मांडलं होतं, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ते त्या खोलीतून हलत नसत.

जिनपुरा म्हणजे जुन्या जिनिंग-प्रेसच्या आडोशाला वाढलेली वस्ती. जिनात सरकी-रुईचं काम करणाऱ्या मजुरांना मालकानं कधीतरी मागची जागा राहायला दिली. त्यात छप्पन साली बौद्ध झालेली घरं होती, तशीच खेड्यातून कामाला आलेली कुणबी, माळी घरंही होती. जिन चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलं. वस्ती राहिली. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला तोंड करून बावीस पक्की घरं, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. या बावीस जणांकडं आखीव पत्रिका होत्या, म्हणजे जागा नावावर असल्याचा सरकारी कागद. त्यांच्या मागं चार-पाच फुटांच्या गल्ल्या आणि त्यात दाटीवाटीनं उभी बाकीची घरं, कोणाकडं कागद, कोणाकडं नुसती विजेची पावती. तायडेंचं घर पुढच्या ओळीत, मधल्या गल्लीच्या तोंडावर होतं.

लाल आकड्यांच्या पाठोपाठ नोटीस आली. एक विहाराच्या फाटकावर चिकटवली, एक मारुतीच्या पारावर. सार्वजनिक प्रयोजनासाठी जिनपुरा संपादित होणार होता. तिथं बसस्थानक, त्यावर बाजारसंकुल, आणि शहराबाहेर बाधितांसाठी सदनिका. हरकती घ्यायला साठ दिवस.

पहिली बैठक विहाराच्या अंगणात झाली. दीपमाला खंडारे नावाची अंगणवाडी सेविका मागच्या गल्लीत राहायची. तिच्याकडं वस्तीतल्या प्रत्येक लेकराचं वजन लिहिलेलं असायचं, म्हणून प्रत्येक घर तिला माहीत होतं. तिनं बाधितांची यादी मोठ्यानं वाचून दाखवली आणि कागद खाली ठेवला.

"एकशे अठरा कुटुंबं लिहिली हायेत," ती म्हणाली. "माह्या वहीत दोनशे तीन हायेत. पंच्याऐंशी चुली कुठी गेल्या मंग?"

"ज्याईच्याकडं कागद नाई, त्याईले कोन लिहीन?" शेषराव भारसाकळे बोलले. पुढच्या ओळीत त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान होतं, आणि पुढच्या ओळीचं पुढारपणही त्यांच्याकडंच होतं. "मी सरळ सांगतो. आमाले संकुलात खालच्या मजल्यावर गाळे देतो म्हनले. आमी हरकत घेनार नाई. जे घ्यायची ते तुमी घ्या."

"तुमाले गाळा भेटते, आमाले काय भेटते?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी काय करू त्याले? चाळीस वर्सं झोपले काय तुमी? कागद करून घ्याचा ना."

आवाज चढले. पुढच्या ओळीचे लोक एका बाजूला सरकले, मागचे दुसऱ्या बाजूला. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींकडं पाठ करून बसल्या. तेवढ्यात गोदाबाई ढोकणे उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर बार्शीटाकळीचं. नवरा जिनात हमाल होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. एकट्या राहायच्या आणि पापड, कुरडया करून विकायच्या.

"शेषराव, तुमच्या लग्नाच्या पोळ्या माह्या चुलीवर झाल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "तवा नाई इचारलं, हे चूल कोनाच्या जाग्यावर हाय."

शेषरावांचा चेहरा लाल झाला. "ते येगळं, गोदाबाई. आता मले सांगा, तुमची जागा कोनाच्या नावावर हाय? सरकारच्या. मंग सरकारनं मागतली त रडून काय उपेग?"

गोदाबाई खाली बसल्या, आणि बैठक भांडणातच मोडली. घरी येताना ललितराव ज्योत्स्नाबाईंना म्हणाले, "आपल्या घराले कागद हाय. आपून मधात पडू नये."

"आधी नकाशा तर पाहू द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज करून नकाशाची प्रत मागवली. हातात पडायला नऊ दिवस लागले. एका सल्लागार कंपनीनं आकाशातून फोटो घेऊन तो नकाशा केला होता. रंगीत, गुळगुळीत, दिसायला सुरेख. ज्योत्स्नाबाईंनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा लावला, आणि दीड तास त्यांनी मान वर केली नाही.

वरून पाहिलं तर एक पत्रा म्हणजे एक घर. गोदाबाईंच्या गल्लीत एकाच लांब पत्र्याखाली चार बिऱ्हाडं होती. नकाशात एक चौकोन. वरच्या मजल्यावर राहणारे तर नव्हतेच. विहाराची अभ्यासिका "रिकामी शेड" झाली होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच होती. जिनाच्या मागची गोदामांची जागा, जी चाळीस वर्षांपासून ओसाड पडलेली आणि सरकारजमा झालेली, ती या नकाशात "दाट वस्ती" म्हणून रंगवली होती. तिथं बाभळी होत्या. बाभळींच्या शेंड्यांना कंपनीनं छपरं समजलं असावं.

त्यांनी दीपमालाला बोलावून घेतलं. "कायद्यात नावावरच्या जागेचीच अट नाई," त्या तिला म्हणाल्या. "तीन वर्सांपासून जो इथं राहते, तो बी बाधित कुटुंबच हाय. पन तो इथं राहते, हे कागदावर दिसाले पाह्यजे. आपून नकाशा करू. आपला. जमिनीवर पाचशे फूट त कागदावर एक फूट, सरकारी करते तसा."

"आमी? काकू, मले त फुटपट्टी बी नीट धरता येत नाई."

"वजनकाट्यावरचा आकडा वाचता ना? मंग हे बी येते."

सुरुवातीला सहा बाया आल्या. महिन्याभरात अठरा झाल्या. ज्योत्स्नाबाईंनी तीस मीटरचे दोन पोलादी टेप, खडू, खुंट्या आणि आलेख कागद आणले. मार्च सरत आला होता. अकोल्याचं ऊन दहा वाजताच डोक्यात शिरतं, म्हणून काम सकाळी सहाला सुरू व्हायचं आणि नऊला थांबायचं. त्यामागं दुसरंही कारण होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पोलाद उन्हानं वाढतं. दुपारी मोजलेलं घर कागदावर खऱ्यापेक्षा लहान येतं.

"लय नाई वाढत, पन वाढते," त्या म्हणाल्या. "आपली एक चूक त्याईले सापडली, की आपल्या दोनशे तीन गोष्टी खोट्या ठरतात."

बायांना ते पटलं. पहिल्या आठवड्यात मोजलेली नऊ घरं त्यांनी पुन्हा मोजली, कारण टेपला मधे झोळ पडला होता. एकीनं टेपचं शून्य भिंतीला धरायचं, दुसरीनं ताण द्यायचा, तिसरीनं आकडा मोठ्यानं म्हणायचा, चौथीनं तो परत म्हणून वहीत लिहायचा. गोदाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांचा हात पक्का होता. त्यांनी शून्य धरलं की ते केसभर हलायचं नाही. पापड लाटून लाटून मनगटात बळ आलंय, म्हणायच्या. हळूहळू गंमत अशी झाली की गल्लीतली माणसं चहा घेऊन बाहेर उभी राहायला लागली. कोणी कपाट सरकवून द्यायचं, कोणी न्हाणीतली बादली उचलायचं. "आमचं बी घ्या ना वं बाई," असं आपणहून म्हणायचं. वीस वर्षं भाड्यानं राहणाऱ्या एका कुटुंबानं नकाशाच्या कच्च्या कागदावर आपलं नाव पाहिलं तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्यानं त्यावर हात फिरवला, आणि मग कितीतरी वेळ तो कागद सोडेना.

अडलं ते पुढच्या ओळीपाशी. शेषरावांनी शटर ओढून घेतलं. त्यांच्या पाठोपाठ आणखी पंधरा घरांनी दारं लावली. पुढच्या ओळीशिवाय नकाशाचा वळसा पुरा होत नव्हता; कुठूनतरी निघालेली रेघ परत त्याच खुंटीवर यायला हवी, तरच मोजणी खरी.

दरम्यान ज्योत्स्नाबाईंना दुसराच प्रश्न छळत होता. नुसतं "नको" म्हणून चालणार नव्हतं. बसस्थानकासाठी गोदामांची ओसाड जागा दाखवता येत होती, मोजली तर ती पुरेशी भरत होती. पण योजनेत एक गोष्ट खरी होती, आणि ती त्यांनाही मान्य होती. वस्तीला आत जाणारा रस्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत सिलिंडरचा भडका उडाला, तेव्हा अग्निशामक गाडी शेषरावांच्या दुकानापाशी अडकली आणि लोकांनी बादल्यांनी आग विझवली. दीपमालाच्या वहिनीला बाळंतपणासाठी खाटेवर टाकून रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं. सहा मीटरचा रस्ता हवाच होता.

तो दोन ठिकाणांहून निघत होता. एक, शेषरावांच्या दुकानाजवळच्या गल्लीतून. तिथून काढला तर त्यांचं अर्धं दुकान जाणार आणि मागची अकरा पत्र्याची घरं साफ होणार होती, त्यात गोदाबाईंचंही. सरकारी यादीत त्या अकरांपैकी दोनच होती, त्यामुळं कागदावर हा मार्ग स्वस्त दिसत होता. दुसरा मधल्या गल्लीतून. तिथून काढला तर सात पक्क्या घरांची एकेक बाजू कापली जाणार, पण कोणीच उघड्यावर येणार नव्हतं. त्या सातांतलं पहिलं घर तायडेंचं होतं. रेघ त्यांच्या घरात साडेसात फूट आत शिरत होती. गल्लीकडची खोली जवळजवळ सगळी जात होती.

त्यांनी तीनदा मोजून पाहिलं. मग शाईनं रेघ ओढली.

ललितरावांना त्यांनी सकाळच्या चहाला सांगितलं. ललितरावांनी कप खाली ठेवला.

"कोनाचं घर कापून राहिली तू, मालूम हाय ना?"

"हो."

"तिकडून बी जाते ना रस्ता? कागदावर त तिकडचे दोनच घरं हायेत. मंग इकडून काहून?"

"कागद खोटा हाय म्हनून तर आपून मोजून राहिलो. आता तोच खोटा कागद माह्या सोयीसाठी खरा धरू का?"

"छत्तीस वर्सं लोकायचे धुरे सरळ केले. आता सोताच्या घरावर साखळी टाक."

ते उठले आणि आपल्या खोलीत जाऊन एका मिक्सरचे स्क्रू काढत बसले. दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवत, आणि परत खोलीत. ज्योत्स्नाबाईंनी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. त्या खोलीची भिंत ललितरावांनी प्रत्येक दिवाळीला स्वतः रंगवली होती, हे त्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या टेप घेऊन निघाल्या, तर ललितराव दारात चपला घालून उभे.

"कोनत्या बाजूनं जाते रेघ, मले दाखव," ते म्हणाले.

त्यांनी दाखवलं. ललितरावांनी खिशातून खडू काढला आणि आपल्याच खोलीच्या फरशीवर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ठळक पांढरी खूण केली. "दिसू दे येनाऱ्या-जानाऱ्याले," म्हणाले, आणि आत जाऊन दुकान उघडलं.

बातमी पसरली, पण शेषरावांपर्यंत ती उलटी पोचली. नकाशात रस्ता भारसाकळेंच्या दुकानातून काढलाय, बाईनं आपलं घर वाचवलं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ते तरातरा तायडेंच्या घरी आले. टेबलावर नकाशा पसरलेला होता, आणि भोवती सात-आठ बाया बसल्या होत्या.

"कुठून जाते रस्ता? मले पाहू द्या."

ज्योत्स्नाबाईंनी कागद त्यांच्याकडं वळवला. शेषरावांनी दुकानदाराच्या सवयीनं बोट ठेवत ठेवत आपलं दुकान शोधलं. ते शाबूत होतं. मग बोट रेघेवरून सरकत खाली आलं.

"हे घर कोनाचं?"

"माहं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

शेषरावांनी गल्लीकडच्या खोलीत डोकावून पाहिलं. ललितराव फरशीवर, खडूच्या खुणेच्या अलीकडं, पंखा उलटा धरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिकडून काहून नाई घेतला? माह्या दुकानातून? मी तुमच्या कामात आडवा पडलो, तरी?"

"तुमचं अर्धं दुकान गेलं असतं, ते चाललं असतं," त्या स्पष्ट म्हणाल्या. "पन मागं अकरा घरं पूर्ण जातात. इकडून कोनी उघड्यावर येत नाई. म्हनून इकडून."

गोदाबाई तिथंच खाली बसल्या होत्या. त्यांच्याकडं शेषरावांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. "गाळ्यासाठी मी भांडलो," ते म्हणाले, "अन् पुढं बी भांडीन. माह्या पोटाचा प्रश्न हाय. पन उद्या सकाळी सहाले या. शटर उघडं राहीन."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच उघडं होतं. त्यांनी स्वतः खिळ्यांची खोकी बाजूला सरकवली. पुढच्या ओळीची उरलेली दारं त्यानंतर चार दिवसांत उघडली. एकानं शेवटपर्यंत उघडलं नाही. त्याच्या भिंती बाहेरूनच मोजल्या आणि तसं नकाशावर लिहिलं. नोटिशीनंतर पन्नासाव्या दिवशी रेघ निघाली होती त्याच खुंटीवर परत आली. तीन सेंटिमीटरचा फरक पडला. एवढ्या वस्तीसाठी तो काहीच नव्हता. अठरा बायांनी ज्योत्स्नाबाईंच्या अंगणात आलूबोंडे तळले, आणि नकाशाच्या कोपऱ्यात सतरा जणींनी सह्या केल्या. गोदाबाईंनी अंगठा दिला.

जनसुनावणी मे महिन्यात, स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात झाली. भूसंपादनाच्या अधिकारी चाळिशीच्या आतल्या बाई होत्या. सल्लागार कंपनीच्या माणसानं पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला आणि इंग्रजीमिश्रित मराठीत वीस मिनिटं बोलला. मग ज्योत्स्नाबाईंनी आपला कागद टेबलावर उलगडला. त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. कुटुंबं दोनशे तीन. गोदामांची जागा मोकळी, तिची मापं ही. रस्ता सहा मीटर, त्यात बाधित घरं सात, त्यात पहिलं माझं.

कंपनीचा माणूस हसला. "मॅडम, हाताच्या टेपनं केलेलं हे. आमची अचूकता आणि यांची... शिवाय हे कोणी केलंय? या बायांनी?"

मंगल कार्यालयात चारशे माणसं होती. अधिकारी बाईंनी समोर बसलेल्या बायांवरून नजर फिरवली. "तुमच्यापैकी कोणी मला या नकाशात आपलं घर दाखवाल?" त्यांनी विचारलं. आणि त्यांनी बोट केलं ते नेमकं गोदाबाईंकडं.

गोदाबाईंना अक्षर ओळखता येत नाही, हे दीपमाला जाणत होती. पण गोदाबाई पदर खोचून पुढं गेल्या. नकाशावर वाकल्या. मारुतीच्या पारावर बोट ठेवलं, तिथून गल्लीत शिरल्या, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं.

"हा नळ. इथी निंबाचं झाड. हे लांब पत्र्याचं छप्पर, त्याच्याखाली आमी चौघं जन राहतो. पह्यलं दीपमालाच्या जावेचं, मंग हे दोन, अन् हे चौथं माहं. दहा फूट चार इंच लांब. आठ फूट दोन इंच रुंद. इथी चूल." मग त्यांनी मान वर करून पडद्याकडं पाहिलं. "त्या साहेबाच्या फोटोत आमी चौघं जन एक झालो. आता तुमीच सांगा बाई, कोनतं बरोबर हाय?"

मागच्या बाजूनं टाळी वाजली, मग सगळीकडून. शेषराव पुढच्या ओळीच्या लोकांत बसले होते. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अधिकारी बाईंनी टाळ्या थांबू दिल्या आणि म्हणाल्या, "आपण जागेवर जाऊन पडताळू. आत्ताच." सरकारी मोजणीदार म्हणून रोहित आला होता. ज्योत्स्नाबाईंच्याच हाताखाली तो काम शिकला होता, आणि आता त्याच्याकडं उपग्रहावरून मोजणारं यंत्र होतं. सगळे उठायला लागले.

"आत्ता नाही, मॅडम," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "अडीच वाजलेत. पंचेचाळीस अंश ऊन आहे. माझा टेप वाढलेला असेल. उद्या सकाळी सहा वाजता या. पास व्हायचं तर खरं मोजून, नापास व्हायचं तरी खरं मोजून."

कंपनीचा माणूस पुन्हा हसला. अधिकारी बाई हसल्या नाहीत. "सहा वाजता," त्या म्हणाल्या.

सकाळी जिनपुरा सडा टाकून तयार होता. अधिकारी बाईंनी स्वतः सात ठिकाणं निवडली. रोहितनं यंत्रानं मोजायचं, बायांनी टेपनं, आणि दोन्ही आकडे नकाशाशी ताडायचे. पहिल्या ठिकाणी फरक एक सेंटिमीटर. दुसऱ्या ठिकाणी शून्य. कुठंच दोनपेक्षा जास्त नाही. कंपनीच्या नकाशात गोदामाची भिंत दीड मीटर सरकलेली निघाली, आणि "दाट वस्ती"त बाभळींखाली एक शेळी चरत होती. सातवं ठिकाण ललितरावांची खोली होती. रोहितनं फरशीवरची खडूची खूण पाहिली, यंत्रावर आकडा पाहिला, आणि ज्योत्स्नाबाईंकडं वळला.

"ताई, खुणेवरच हाय," तो हळू म्हणाला. मग सगळ्यांसमोर त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. नोकरीत असताना त्यांनी त्याला हे कधीच करू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अडवलं नाही.

निर्णय यायला दिवाळी उजाडली. जिनपुऱ्याचं संपादन रद्द झालं. बसस्थानक गोदामांच्या जागेवर गेलं. रस्ता मधल्या गल्लीतून मंजूर झाला. दोनशे तीन कुटुंबांची यादी मान्य झाली, आणि कागद नसलेल्यांना राहत्या जागेचे पट्टे द्यायचं ठरलं. सगळंच गोड झालं असं नाही. शेषरावांना गाळा मिळाला नाही, आणि ते महिनाभर चिडलेले होते. रस्त्यात गेलेल्या सातांपैकी एक कुटुंब शेवटपर्यंत ज्योत्स्नाबाईंशी बोललं नाही. ते घर विकून वाशिमला गेलं.

तायडेंच्या खोलीची भिंत पाडायला माणसं आली, तेव्हा ललितरावांनी त्यांच्या हातातली पहार मागून घेतली. पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. दोन विटा निघाल्या. मग त्यांनी पहार परत दिली, आणि मिक्सर-पंखे उचलून पुढच्या ओसरीत मांडायला लागले. ओसरीत जागा कमी होती. शेषरावांनी दुकानातून दोन लोखंडी मांडण्या पाठवल्या. पैसे घेतले नाहीत, आणि आपण पाठवल्या असंही कोणाला सांगितलं नाही. ललितराव मात्र तेव्हापासून चहा प्यायला येईल त्याला ते सांगतात.

गेल्या फेब्रुवारीत अमरावतीहून दीपमालाला फोन आला. तिथल्या एका वस्तीला अशीच नोटीस आली होती, आणि तिथल्या बायांना मोजणी शिकायची होती. ज्योत्स्नाबाईंचा गुडघा दुखत होता. "तुमी जा," त्या म्हणाल्या. "माहं काय काम हाय तिथी?"

म्हणून पाच जणी सकाळच्या एसटीनं निघाल्या. मूर्तिजापूर गेल्यावर कंडक्टरनं त्यांच्या पायाशी ठेवलेल्या खुंट्यांच्या पिशवीकडं पाहून विचारलं, "कुठं कामाले चालल्या, मावशी? बांधकामावर काय?"

खिडकीशी बसलेल्या गोदाबाईंनी तिकिटं पदराच्या गाठीत बांधली.

"मोजनी कराले," त्या म्हणाल्या. "अमरावतीचे लोक आमची वाट पाहून राहिले."